सात मैलांचा लोहमार्ग आणि शेठ वालचंद हिराचंद

लिंबागणेश परिसरातून मांजरसुंबामार्गे सोलापूरकडे जाणारा प्रवासी चौसाळा व येरमाळा मागे टाकून येडशीस येतो. रामलिंगाच्या दर्शनासाठी थांबलेल्या यात्रेकरूंना येडशीचा डोंगर आणि तेथील झाडी ठाऊक असते. मात्र एका मोठ्या कर्तृत्वाचा पहिला धडा याच माळावर गिरविला गेला, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. येडशीपासून तडवळ्यापर्यंतच्या सुमारे सात मैलांच्या अरुंद लोहमार्गाचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सोलापूरच्या एका तरुण जैन व्यापारीपुत्राने भागीदारीत घेतले होते. त्या तरुणाचे नाव वालचंद हिराचंद दोशी. पुढे ज्यांच्या पुढाकाराने भारतीय मालकीचे जहाज लंडनच्या सफरीवर निघाले, ज्यांनी देशात विमानाचा कारखाना काढला, मोटारींचा कारखाना उभारला आणि जहाजबांधणीची गोदी वसविली, तेच हे शेठ वालचंद.

भारतातील आधुनिक वाहतुकीचे जनक असा त्यांचा गौरव केला जातो. जल, स्थल आणि आकाश या तिन्ही मार्गांवर त्यांनी आपली मुद्रा उमटविली. परंतु एवढ्या विस्तृत कार्याचा उगम कोठे झाला, हे पाहू गेल्यास आपल्याच बालाघाटाच्या माथ्यावर यावे लागते. म्हणून त्यांचे चरित्र आणि आपल्या भागातील बार्शी लाईट रेल्वेचा इतिहास या दोन्ही गोष्टी एकत्र पाहणे उचित ठरेल.

सोलापूरचे दोशी घराणे

वालचंदांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापूर येथे झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे. धर्माने दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने हे कुटुंब दक्षिणेत आले आणि सोलापुरास स्थिरावले. घरात गुजरातीचे संस्कार होते, बाजारात आणि शाळेत मराठीचा व्यवहार होता. अशा दोन्ही भाषांच्या वातावरणात वालचंद वाढले. जन्मानंतर थोड्याच दिवसांत मातृछत्र हरपले. वडील हिराचंद नेमचंद हे पेढीचे मालक होतेच, त्याहूनही अधिक म्हणजे ते जैन समाजातील जागृतीचे अग्रणी होते. 'जैन बोधक' हे मासिक त्यांनी सुरू केले आणि धर्मग्रंथांचा प्रसार, शिक्षण व सामाजिक सुधारणा यांसाठी आपली लेखणी व द्रव्य दोन्ही वेचले. गुलाबचंद, लालचंद व रतनचंद हे वालचंदांचे बंधू. पुढील काळात बंधूंचे साहाय्य त्यांना मोलाचे ठरले.

तो काळ सोलापूरच्या भरभराटीचा होता. 1860 मध्ये मुंबईहून जी.आय.पी. रेल्वे सोलापुरापर्यंत आली आणि गावाचे भाग्य पालटले. 1877 मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी सुरू झाली. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी काढलेली ही गिरणी पुढे जुनी गिरणी या नावाने सर्वत्र ओळखली गेली. तिच्यामागून आणखी गिरण्या उभ्या राहिल्या. सभोवतालच्या मुलखातील कापूस येथे येऊ लागला आणि सूत व कापड होऊन परत जाऊ लागले. गिरणीचा भोंगा आणि आगगाडीची शिटी या दोन आवाजांत वालचंदांचे बालपण गेले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

सोलापुरातील शालेय शिक्षण आटोपल्यावर मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज व पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. पदवी मात्र पदरी पडली नाही. घरचा व्यवसाय हाक मारीत होता. परतल्यावर पेढीच्या कामात ते बसू लागले, परंतु देणे-घेणे, व्याज-मुद्दल आणि मालाची आडत यांत त्यांचे मन रमेना. काहीतरी नवे उभे करावे, जे काल नव्हते ते आज दिसावे, ही ओढ त्यांच्या ठायी उपजतच होती.

बार्शीची लाईन

वालचंदांच्या पहिल्या कामाचे महत्त्व कळण्यासाठी बार्शी लाईट रेल्वेची हकिगत थोडी विस्ताराने पाहिली पाहिजे.

जी.आय.पी. रेल्वेची मुंबई-सोलापूर लाईन बार्शी शहराला बगल देऊन गेली. जवळचे स्टेशन म्हणजे बार्शी रोड, आजचे कुर्डुवाडी. ते बार्शीपासून वीस-बावीस मैलांवर. बार्शी ही इंग्रजी अमलातील पेठ होती आणि तिला लागूनच निजामाच्या राज्याची हद्द सुरू होत असे. बीड, उस्मानाबाद आणि लातूर हा सारा भाग निजामाच्या राज्यात. बालाघाटावरील कापूस, करडई, जवस व ज्वारी बैलगाड्यांनी घाट उतरून बार्शीच्या बाजारात येई आणि तेथून पुन्हा गाड्यांनीच बार्शी रोडला जाई. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा बंद पडत. माल अडे, भाव पडे, आणि नुकसान शेतकरी व व्यापारी या दोघांचेही होई.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचे एक इंग्रज अभियंता 1882 मध्ये, म्हणजे वालचंदांच्या जन्माच्याच वर्षी, जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आले. मोठ्या लाईनला जोडणाऱ्या स्वस्त व लहान रेल्वे काढल्या तर आतील मुलूख बाजारपेठांशी जोडता येईल, असा त्यांचा विचार होता. बार्शीच्या मार्गाचा त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर 1895 मध्ये लंडन येथे बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा खुला झाला.

या रेल्वेचे रूळ अवघ्या अडीच फुटांच्या अंतरावर होते. मोठ्या लाईनवर हेच अंतर साडेपाच फूट असते. रूळ वजनाने हलके, दर वारी 30 पौंडांचे. अशा हलक्या रुळांवर जड गाडी चालावी कशी? कॅलथ्रॉप यांनी यावर साधा परंतु नेमका उपाय काढला. इंजिन असो, डबा असो की मालाची वाघीण असो, कोणत्याही आसावर 5 टनांपेक्षा अधिक भार पडू द्यायचा नाही, हा नियम त्यांनी घालून दिला. इंजिनाचे वजन अधिक चाकांवर वाटले गेले, डबे व वाघिणी सारख्याच मापाच्या सांगाड्यावर बांधल्या गेल्या. त्यामुळे रूळ, पूल आणि भराव या सर्वांचाच खर्च आटोक्यात राहिला. गाड्या हिंदुस्थानात येण्यापूर्वी 1897 मध्ये इंग्लंडमध्ये लीड्सजवळ मुद्दाम रूळ अंथरून त्यांची चाचणी घेण्यात आली होती. अरुंद लोहमार्गाच्या इतिहासात बार्शीचे नाव त्यामुळेच जगभर घेतले जाते.

पहिला टप्पा यशस्वी झाल्यावर लाईन दोन्ही बाजूंना वाढू लागली. पश्चिमेस कुर्डुवाडीहून पंढरपूरचा फाटा निघाला. वारकऱ्यांच्या गर्दीने तो बाराही महिने गजबजला, आणि आषाढी-कार्तिकीला तर डब्यांत पाय ठेवायला जागा मिळेनाशी झाली. पूर्वेस बार्शीहून घाट चढून येडशी आणि तेथून तडवळे असा मार्ग झाला. 1911 मध्ये गाडी लातूरला पोहोचली. 1927 मध्ये पंढरपूरच्या बाजूने ती मिरजेला जाऊन भिडली. लातूर ते मिरज असा सलग मार्ग अशा रीतीने तीस वर्षांत पूर्ण झाला. बार्शीत सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने आले, कापड गिरण्या निघाल्या. कुर्डुवाडीला रेल्वेचा कारखाना उभा राहिला. लातूर ही मराठवाड्यातील अग्रगण्य पेठ झाली, त्यात या चिमुकल्या गाडीचा वाटा मोठा आहे.

येडशी ते तडवळे

या पूर्वेकडील विस्ताराच्या वेळी वालचंदांना संधी मिळाली. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. नोकरी सोडून ते कंत्राटदारीत उतरले होते. निविदा कशी भरावी, मोजमाप कसे होते, साहेबाच्या कचेरीत कागद कोणत्या टेबलावरून कोठे जातो, याची त्यांना पुरी माहिती होती. अभाव होता तो भांडवलाचा. वालचंदांकडे पेढीची पत होती, बुद्धी होती आणि धाडस होते. दोघांनी भागीदारी केली. फाटक-वालचंद या नावाने नवा व्यवसाय सुरू झाला आणि येडशी-तडवळे या सुमारे सात मैलांच्या तुकड्याचे काम त्यांच्याकडे आले.

आज ही गोष्ट सोपी वाटते, पण त्या काळच्या एका प्रतिष्ठित शेठ घराण्याच्या दृष्टीने तिचा विचार करावयास हवा. पेढीवर लोडाला टेकून बसावे, गिऱ्हाइकाने समोर यावे, ही पिढीजात रीत. तिच्या जागी उन्हातान्हात माळावर उभे राहायचे, मुकादमांशी हुज्जत घालायची, मजुरांचे पगार वेळेवर चुकते करायचे आणि साहेबाने काम पसंत केल्यावर मग पैशाची वाट पाहायची, हा गुत्तेदारीचा व्यवसाय. सावकारीत तारण हाती असते. गुत्तेदारीत आधी पदरचे पैसे मातीत घालावे लागतात, परत येतील तेव्हा खरे. भराव पावसाने वाहून गेला, मोरी खचली किंवा मजूर पळाले तर तोटा आपला. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेली पत एका कामात जाऊ शकते. वालचंदांनी हा धोका पत्करला, आणि ज्या घराण्याची पत पणाला लागत होती त्या घराण्याने त्यांना अडविले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

या कामाने त्यांना तीन गोष्टी शिकविल्या, असे त्यांच्या पुढील आयुष्यावरून दिसून येते. पहिली गोष्ट म्हणजे ज्याच्याकडे विद्या आहे त्याला भागीदार करावे, केवळ नोकर म्हणून ठेवू नये. फाटक यांच्यापासून पुढे परदेशी तंत्रज्ञांपर्यंत त्यांनी हेच सूत्र पाळले. दुसरी गोष्ट म्हणजे काम कितीही मोठे असले तरी ते दर मैलाच्या आणि दर दिवसाच्या हिशेबात मांडता येते. सात मैलांचा हिशेब ज्याला जमला त्याला सत्तर मैलांचाही जमतो. तिसरी गोष्ट सर्वांत खोल होती. माती येथली, मजूर येथले, माल येथला आणि भाडे भरणारा व्यापारीही येथला. कंपनी मात्र लंडनची, रूळ आणि इंजिने विलायतेची, आणि नफ्याचा ओघही तिकडेच. माल वाहून नेण्याचे साधन ज्याच्या हाती, व्यापाराची किल्ली त्याच्या हाती, हे सत्य वालचंदांनी पुस्तकातून वाचण्यापूर्वी माळावर उभे राहून पाहिले होते. पुढील अर्धशतक ती किल्ली देशाच्या हाती यावी यासाठीच त्यांनी वेचले.

घाटातील बोगदे

बार्शी लाईनच्या कामानंतर फाटक-वालचंद यांना मोठी कामे मिळत गेली. पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधकामांना वेग आला आणि व्यवसायाचा पसारा वाढला. 1920 च्या सुमारास वालचंदांनी टाटांच्या सहकार्याने टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीचा कारभार हाती घेतला. 1926 मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचीही स्थापना झाली.

या काळातील त्यांचे नाव गाजविणारे काम म्हणजे बोरघाटातील बोगदे. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटाची मूळची लाईन 1863 मध्ये खुली झाली होती. तिच्या चढणीवर एका ठिकाणी गाडीला थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागे आणि मग उलट दिशेने पुढचा चढ चढावा लागे. यात वेळ जाई आणि गाड्यांच्या संख्येवरही मर्यादा पडे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नवी वळणे व नवे बोगदे काढून ही अडचण दूर करण्यात आली. सह्याद्रीचा काळा कातळ फोडण्याचे हे काम वालचंदांच्या देखरेखीखाली पार पडले. ज्यांनी अडीच फुटी रुळांच्या भरावापासून सुरुवात केली, त्यांनीच वीस वर्षांच्या आत देशातील अत्यंत अवघड लोहमार्गाचे काम पूर्ण केले. आजही पुण्याहून मुंबईस जाणारा प्रवासी त्या बोगद्यांतून जातो.

मुंबईला पाणी आणणारी तानसा तलावाची जलवाहिनी, सिंधू नदीवरील कालाबाग येथील पूल, अशी अनेक कामे त्यांच्या कंपन्यांनी केली. एतद्देशीय माणूस मोठे अभियांत्रिकी काम करू शकत नाही, हा समज या कामांनी पुसून टाकला.

रुळांवरून समुद्राकडे

1919 साली त्यांच्या आयुष्याला नवे वळण मिळाले, आणि तेही रेल्वेच्याच डब्यात, असे सांगितले जाते. दिल्लीहून मुंबईकडे येताना एका सहप्रवाशाकडून त्यांना समजले की, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे एक जहाज विक्रीस आहे. महायुद्धात रुग्णांसाठी वापरलेल्या या जहाजाचे नाव होते 'लॉयल्टी'. जहाजाच्या धंद्याचा वालचंदांना कोणताही अनुभव नव्हता. परंतु हिंदुस्थानचा माल परदेशी नेणारी जवळजवळ सारी जहाजे परकीयांची आहेत, भाडे तेच ठरवितात, हे त्यांना ठाऊक होते. बार्शीच्या माळावर पाहिलेले सत्य येथे सातासमुद्रांएवढे मोठे झालेले होते.

नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने त्यांनी जहाज घेण्याचे ठरविले. यातील नरोत्तम मोरारजी हे सोलापूरची जुनी गिरणी काढणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. ज्या गिरणीच्या भोंग्याने वालचंदांचे बालपण जागे केले, त्या गिरणीच्या घराण्यातील माणूस या साहसात त्यांचा सहकारी झाला. 27 मार्च 1919 रोजी सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची स्थापना झाली आणि 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' मुंबई बंदरातून लंडनच्या सफरीवर निघाले. स्वतंत्र भारतात 1964 पासून 5 एप्रिल हा दिवस राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो.

परंतु धंद्याचा मार्ग सुखाचा नव्हता. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून स्पर्धा सुरू केली. ज्याचे खिसे खोल तो टिकेल, दुसरा बुडेल, असा हा खेळ होता. अनेक स्वदेशी जहाज कंपन्या याच रीतीने बुडाल्या होत्या. सिंधिया टिकली. 1923 मध्ये तिला ब्रिटिश कंपन्यांशी करार करावा लागला. त्यात तिने किती जहाजे बाळगावीत आणि कोठे फिरवावीत यावर कठोर बंधने होती. हा करार म्हणजे एक माघारच होती. पण बुडण्यापेक्षा तग धरावा, संधी येताच पुढे सरकावे, हे व्यापाऱ्याचे शहाणपण त्यात होते. 1929 मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर वालचंद कंपनीचे अध्यक्ष झाले आणि 1950 पर्यंत त्या पदावर राहिले. देशाच्या किनाऱ्यावरील वाहतूक देशी जहाजांसाठी राखून ठेवावी, ही मागणी त्यांनी सातत्याने लावून धरली. 1927 मध्ये ते इंडियन मर्चंट्स चेंबरचे अध्यक्ष होते, तर 1932-33 मध्ये देशभरातील व्यापारी संघटनांच्या महासंघाचे, म्हणजे फिक्कीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

गोदी, विमान आणि मोटार

परदेशात बांधलेली जहाजे घेऊन चालविणे म्हणजे अर्धेच स्वावलंबन, अशी त्यांची धारणा होती. विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीची गोदी उभारण्याचे त्यांनी ठरविले. 21 जून 1941 रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढील वर्षी, एप्रिल 1942 मध्ये, जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम विस्कळीत झाले. तरीही प्रयत्न थांबले नाहीत. 14 मार्च 1948 रोजी 'जलउषा' हे स्वतंत्र भारतात बांधलेले जहाज पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

विमानाच्या कारखान्याची कथाही प्रवासातच सुरू झाली. 1939 मध्ये अमेरिकेहून परतताना विलियम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली. त्यातून कल्पना आकारास आली. म्हैसूर संस्थानाने जागा व भांडवल दिले आणि 23 डिसेंबर 1940 रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. युद्ध दाराशी आल्यावर 1942 मध्ये सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला. आज हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने तो जगप्रसिद्ध आहे. महायुद्ध संपल्यावर याच कारखान्यात काही वर्षे रेल्वेचे डबेही तयार होत असत. ज्या रेल्वेने वालचंदांना उद्योगात आणले, तिचे डबे त्यांनी पाया घातलेल्या कारखान्यात तयार व्हावेत, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

मोटारींचा कारखाना काढण्याची त्यांची इच्छाही जुनी होती. सरकारी अनास्थेमुळे त्याला विलंब झाला, पण 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभा राहिला. मुंबईच्या रस्त्यांवरील काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी पुढे कित्येक दशके या कारखान्याचे नाव मिरविले.

माळरानावरील वसाहती

वालचंदांच्या कार्याचा आणखी एक पैलू ग्रामीण वाचकांना अधिक जवळचा वाटेल. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील कळंब येथील ओसाड जमिनी त्यांनी विकसित केल्या. दगड फोडले, जमिनी सपाट केल्या, कालव्याचे पाणी फिरविले आणि ऊस उभा केला. साखर कारखाने काढले. कळंबजवळची वसाहत त्यांच्याच नावाने वालचंदनगर म्हणून प्रसिद्ध झाली. तेथे शेतातील ऊस कारखान्यात आणण्यासाठी अरुंद रुळांची छोटी रेल्वेही होती. बार्शीच्या माळावर शिकलेला पाठ त्यांनी स्वतःच्या शिवारातही गिरविला. रावळगावची गोळी तर महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाच्या तोंडी होती. पुढे वालचंदनगर यंत्रनिर्मितीचे मोठे केंद्र झाले.

उत्तरायुष्य आणि वारसा

1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढील वर्षी त्यांनी उद्योगांतून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत सेवा केली. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले. 2004 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

त्यांच्या आयुष्याचा ताळेबंद मांडताना एक गोष्ट नजरेत भरते. विमानाचा कारखाना सरकारने घेतला, गोदीही त्यांच्या हयातीतच, 1952 मध्ये, सरकारकडे गेली. ज्यांनी उभे केले त्यांच्या हाती ते राहिले नाही. सामान्य व्यापारी याला तोटा म्हणेल. पण ज्याचा हेतू साधन देशाच्या हाती यावे हा होता, त्याच्या वहीत ही रक्कम जमेच्याच बाजूला पडते. वस्तू उभी राहिली, ती कामास आली, मालकी कोणाची हा प्रश्न दुय्यम. परिग्रहाची मर्यादा आपण प्रवचनांतून ऐकतो. एवढा प्रचंड व्यवहार करणाऱ्या माणसाच्या आयुष्यातही तिचा अर्थ शोधता येतो.

आणि ज्या रेल्वेपासून ही कथा सुरू झाली तिचे काय झाले? वालचंदांच्या निधनानंतर दुसऱ्याच वर्षी, 1954 मध्ये, बार्शी लाईट रेल्वे भारत सरकारने विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत विलीन झाली. लंडनच्या कंपनीची लाईन देशाची झाली. तिची छोटी इंजिने पुढेही अनेक वर्षे घाट चढत राहिली. चालत्या गाडीतून उतरावे, पाय मोकळे करावेत आणि पुन्हा चढावे, अशा गमती जुन्या पिढीच्या तोंडी आजही आहेत. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात व त्यानंतर लगेचच हा मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद झाला. नवी लाईन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव शहराजवळून नेण्यात आली. आता येडशीवरून मुंबई-लातूर गाड्या धावतात.

आपल्या बीडच्या नशिबी मात्र दीर्घ प्रतीक्षा होती. परळीच्या बाजूचा भाग सोडला तर जिल्ह्याने शतकभर रेल्वे दुसऱ्याच्याच गावात पाहिली. माल बार्शीला, नगरला किंवा जालन्याला न्यावा आणि तेथून पुढे पाठवावा, ही आपल्या व्यापाऱ्यांची रीतच होऊन गेली. लातूरला 1911 मध्ये आलेली गाडी बीड शहरात येण्यास 17 सप्टेंबर 2025 हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली. दोन शेजारी शहरांच्या भाग्यात एका अरुंद लोहमार्गाने शंभर वर्षांचे अंतर पाडले.

रेल्वे आली म्हणजे सारे झाले, असे मात्र नाही. बार्शी लाईनवर हजारो व्यापाऱ्यांनी माल चढविला आणि उतरविला. त्याच लाईनच्या भरावावर उभे राहून ती बांधावी कशी, तिच्यासारखे आणखी काय उभे करता येईल, हा विचार करणारा एकच वालचंद निघाला. आपल्या मुलांनी आता बीडच्या स्टेशनवरून गाडी पकडून शिकायला व नोकरीला बाहेर जावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यांपैकी एखाद्याने परत येऊन याच बालाघाटाच्या माळावर काही नवे उभे करावयाचे म्हटले, तर घराण्याची पत त्याच्या मागे उभी करण्याची तयारी आपणही ठेवली पाहिजे. हिराचंद नेमचंदांच्या घराण्याने ती ठेवली होती, म्हणून येडशी-तडवळ्याचे सात मैल पुढे समुद्रापर्यंत आणि आकाशापर्यंत पोहोचू शकले.